वाईच्या तुळया आणि बाबांचा टर्नटेबल : जडशीळ स्टँड करायचाय, मदत हवी

कडीपाट

वाईचं आमचं जुनं घर दिवाळीनंतर पाडलं. चुलत्यांनी विचारलं तुला काय हवं, मी म्हटलं माजघरातल्या तीन तुळया द्या. सगळे हसले, कारण बाकीच्यांनी पितळी हंडे, घंगाळं, देवघर असं काय काय घेतलं आणि मी लाकूड. पण अस्सल जुनं सागवान आहे, प्रत्येक तुळई ६ इंच बाय ६ इंच, लांबी साधारण ७ फूट. टेम्पोतून पुण्याला आणल्यात आणि गेले दोन महिने पार्किंगमध्ये पडल्यात, सोसायटीचे सेक्रेटरी रोज एकदा तिथे उभे राहून माझ्याकडे बघतात.

तर विषय असा. बाबा मस्कतला होते तेव्हा त्यांनी टेक्निक्सचा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणला होता, एसएल-१२०० मार्क टू. तो गेली वीस वर्षं माळ्यावर होता, मागच्या वर्षी खाली काढून दुरुस्त करून घेतला. सोबत जपानी अ‍ॅम्प आणि अडीचशेच्या आसपास एलपी रेकॉर्ड, बहुतेक शास्त्रीय. सध्या सगळं बाजारातल्या रेडिमेड टीव्ही युनिटवर ठेवलंय, जे आतून दाबलेल्या भुश्शाचं आहे हे मला त्याची फळी मधून बाकल्यावर कळलं. शिवाय हॉलमधून कुणी चाललं की सुई उडते. विलंबित ख्याल चाललाय, गवई समेवर यायला निघालेत आणि चिरंजीव फ्रीजकडे, की सम गेलीच.

कुणीतरी सांगितलं की स्टँड जड हवा. म्हणून या तुळयांचा जडशीळ स्टँड करायचा विचार आहे. साधारण ४ फूट रुंद, वर टर्नटेबल, मध्ये अ‍ॅम्प, खाली एलपी. सुतारकाम मला थोडंफार येतं (दोन स्टुलं आणि एक डुगडुगणारं बुकशेल्फ एवढा अनुभव), अवघड कामाला ओळखीचे मिस्त्री आहेत. कुणी असं केलंय का? फोटो खाली देतेय.

शंकासूर

फोटो दिसत नाहीयेत.

आणि एक बेसिक प्रश्न, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकर का नको? (पळतो.)

रंधेवाला

शंकासूर, तुम्ही पळाच.

ताई, आधी खिळे. वाड्याच्या लाकडात खिळे असतातच आणि ते वरून दिसत नाहीत, डोकं गंजून गळालेलं असतं नि आत तीन इंच लोखंड. सॉ मिलवाल्याचं पातं त्यावर गेलं की तो पात्याचे पैसे तर घेतोच वर तुम्हाला परत दारात उभं करत नाही. जळालेल्या स्पीकरचं मागचं चुंबक मिळालं तर बघा, ते दोरीला बांधून तुळईवरून सावकाश चारी अंगांनी फिरवा. जिथे ओढ घेईल तिथे खडूने गोल करा. मी नाशिकला एका वाड्याच्या खांबातून असे एकोणीस खिळे काढले होते, आणि विसावा रंध्याला सापडला.

दुसरं, कापायचं गणित आधी कागदावर करा. तुळईचे ४ फूट आणि ३ फूट असे दोन तुकडे करा. चार फुटी तुकडा उभा चिरून एक सव्वादोन इंची आणि दोन पावणेदोन इंची फळ्या निघतील, रंधा मारून त्या २ आणि दीड इंचावर येतील. तीन तुळयांच्या तशा तीन-तीन फळ्या शेजारी शेजारी जोडल्या की १६ इंच खोलीचा वरचा पाट आणि दोन कप्पे झाले. तीन फुटी तुकड्यातून प्रत्येकी एक पाय.

शंकासूर

तुळया तीन. पाय तीन. तीन पायांची शर्यत?

रंधेवाला

चौथा पाय उरलेल्या चिपा एकावर एक चिकटवून करायचा हो. व्यवस्थित चिकटवला तर अख्ख्या लाकडापेक्षा तोच सरळ राहतो. उरलेल्यातून आडव्या पट्ट्या पण निघतील.

पाणसळ

वजनाचा अंदाज देतो. सागवान साधारण ६५० किलो प्रति घनमीटर धरा, म्हणजे एका घनफुटाला साडेअठरा किलोच्या आसपास. तुमच्या तीन तुळया मिळून सव्वापाच घनफूट भरतात, चिरणी-रंधणीत तिसरा हिस्सा भुसा होणार, हातात साडेतीन घनफूट. म्हणजे स्टँड साठ-पासष्ट किलोचा. शिसवी किंवा बाभूळ असती तर अजून जड झाला असता, पण आहे ते उत्तम आहे.

एलपींचं वजन लोक विसरतात. एक फूट लांबीच्या रांगेत एलपी ठासून भरल्या की १६ ते २० किलो होतात. तुमच्या अडीचशे म्हणजे साठ किलोच्या वर. चार फुटांची फळी मध्ये आधाराशिवाय ठेवू नका, सागवान असलं तरी कालांतराने पोट काढते. मध्ये उभी फळी टाका. आणि फळीची जाडी दुप्पट केली की बाक आठपट कमी होतो, त्यामुळे "एक इंच पुरे" असं मिस्त्री म्हणाले तर ऐकू नका. कप्प्याची आतली उंची साडेतेरा इंच ठेवा, एलपीचं कव्हर साडेबाराच्या जवळ असतं आणि वरून बोटं आत जायला जागा लागते.

जर्सीकर

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. जड म्हणजे चांगला हे सगळीकडे खरं नसतं. आमची इथली घरं लाकडी सांगाड्याची, जमीन म्हणजे खाली लाकडी वासे आणि वर प्लाय. मी मोठ्या हौसेने ओकचा अवजड स्टँड आणून हॉलच्या भिंतीपासून लांब ठेवला, तर जमीनच झोपाळ्यासारखी हलायला लागली आणि सुई आधीपेक्षा जास्त उडायला लागली. शेवटी भिंतीला ब्रॅकेट मारून हलकी फळी लावली आणि टर्नटेबल त्यावर ठेवला. भिंत वाश्यांसारखी लवत नाही. तेव्हा आधी तुमची जमीन काय आहे ते बघा. आरसीसी स्लॅब असेल तर माझा मुद्दा बाद.

बाय द वे इकडे निम्मे लोक एलपी आयकियाच्या कॅलॅक्स नावाच्या खणांच्या कपाटात ठेवतात, खण तेरा इंचाचा असल्यामुळे एलपी बरोबर बसते. पण एका फळीला १३ किलोची मर्यादा लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही.

तंबोरा

मी मिरजेचा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत भोपळा टिचकी मारून निवडतात, नादावर. लाकूडही तसंच, तून नावाच्या झाडाचं घेतात, गाणारं लाकूड पाहिजे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं बरं का, अभिमानाने सांगतो.) तुम्हाला बरोब्बर उलटं पाहिजे. स्टँड गायला नको, मुका पाहिजे. फळी तयार झाली की दोन बोटांत लटकवा आणि टिचकी मारा. ठण्ण वाजली तर ती तंबोऱ्याची बहीण, तिच्यावर टर्नटेबल ठेवू नका. जाड सागवान सहसा ठप्प वाजतं. तरी वाजलंच तर वर कडप्पा ठेवा, किचन ओट्याचा उरलेला तुकडा कुठल्याही फरशीवाल्याकडे मिळतो. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे. दोघं वेगवेगळे, त्यामुळे एकमेकाचा आवाज खातात.

आज्जी_ऑनलाईन

मला यातलं काही कळत नाही पण माजघरातली तुळई म्हणजे झोपाळ्याची का ग? आमच्या मेणवलीच्या घरी होती. दुपारी सगळ्या बायका त्यावर, कुरकुर आवाज यायचा कड्यांचा.

कडीपाट

हो आज्जी, त्यातली एक झोपाळ्याचीच. कडीचं आरपार भोक आहे तिला, अंगठा जाईल एवढं, आणि आतून घासून घासून काचेसारखं गुळगुळीत झालंय. ते कापून टाकायचं नाहीये मला.

जर्सीकर, तिसरा मजला, आरसीसी, वर व्हिट्रिफाईड टाइल्स. तुमचा मुद्दा बाद :)

कडीपाट

अपडेट, साधारण तीन आठवड्यांनी.

रंधेवाला, तुमचं चुंबक फार कामाला आलं. एकट्या झोपाळ्याच्या तुळईतून अकरा खिळे निघाले, घडीव, चौकोनी, आणि त्यांच्या भोवती लाकूड शाईच्या डागासारखं काळंनिळं झालेलं. पहिल्या सॉ मिलने "जुनं लाकूड घेत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे मालकांनी स्वतः चुंबक फिरवून बघितलं, मग घेतलं, आणि तरी मशीन चालू असताना दर वेळी माझ्याकडे बघत होते, की बाई तुमच्या भरवशावर चाललंय. वाचलो. पण पहिला काप पडला तेव्हाचा वास! बाहेरून धुरकट काळी, शंभर वर्षं चुलीचा धूर खाल्लेली तुळई आणि आतून मधासारखा रंग, कातड्यासारखा तेलकट वास. मालक म्हणाले असं लाकूड आता येत नाही. ते सगळ्यांनाच म्हणत असतील, पण बरं वाटलं.

आता जोडणी. प्रश्न दोन. फळ्या एकमेकींना चिकटवायला नुसतं फेविकॉल पुरेल का? आणि मिस्त्री म्हणतायत स्क्रू मारून टाकू सगळीकडे, मारू देत का?

रंधेवाला

सागवान तेलकट असतं म्हणून चिकट धरत नाही अशी तक्रार येते. रंधा मारल्यावर लगेच, त्याच दिवशी चिकटवा, आणि आधी कडा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. क्लॅम्प भरपूर लागतात, एका पाटाला निदान पाच, आणि आलटून पालटून एक वरून एक खालून लावा नाहीतर पाट पन्हळीसारखा वाकतो.

पायाला आडवी पट्टी जिथे येते तिथे स्क्रू नको. पायाला भोक, पट्टीच्या टोकाला त्यात बसणारी जीभ म्हणजे कुसू, आरपार काढा आणि बाहेरून पाचर ठोका. आपल्या वाड्याच्या चौकटी अशाच उभ्या होत्या, त्यात कुठे स्क्रू होते? स्क्रू ढिला झाला की स्टँड लचकतो, आणि लचकणारा साठ किलोचा स्टँड म्हणजे डुलणारा हत्ती.

फक्त वरचा पाट मात्र घट्ट चिकटवू नका. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही. १६ इंचाचा पाट पावसाळ्यात सूतभर (इंचाचा आठवा भाग) तरी फुगेल. खालून स्क्रू मारा पण भोकं लांबट ठेवा म्हणजे पाटाला सरकायला वाव राहील. नाही ठेवलीत तर उन्हाळ्यात एक दिवस दुपारी फटाका वाजल्यासारखा आवाज येईल, आणि तो टर्नटेबलचा नसेल.

शंकासूर

पाय पोकळ करून त्यात वाळू भरतात असं मी यूट्यूबवर बघितलंय. सिरियसली विचारतोय या वेळी.

पाणसळ

लोखंडी पाईपचे पाय असतील तर भरतात, कारण रिकामा पाईप घंटेसारखा वाजतो. भरीव सागवानाला पोकळ करून परत भरणं म्हणजे पोळी फाडून ठिगळ लावणं. पण ज्यांचे स्टँड पाईपचे आहेत त्यांनी जरूर भरा, फक्त वाळू आधी चाळून कढईत कोरडी भाजून घ्या. ओली वाळू आतून पाईप खाते.

आज्जी_ऑनलाईन

कढई वेगळी घ्या हो, नाहीतर शेंगदाणे करकरतील.

कडीपाट

झाला स्टँड!! गेल्या रविवारी वर आणला, चार माणसं आणि मिस्त्रींचा भाचा, आणि लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून जिन्याने. बाथरूमच्या काट्यावर एकेक भाग आधीच मोजला होता, बेरीज ६३ किलो. पाणसळ तुम्ही ग्रेट. झोपाळ्याचं भोक वरच्या पाटात मागच्या बाजूला आलंय, टर्नटेबलच्या वायरी त्यातूनच खाली जातात. तेल अळशीचं लावलंय, तीन हात, मध्ये एकेक दिवस वाळू दिलं.

(तेलावरून एक सांगायचं राहिलं. अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेटू शकतात. मिस्त्रींनी टाकल्या होत्या, सासूबाईंनी हात लावला तर कोमट लागल्या, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पाण्यात बुडवून मग दोरीवर एकेक पसरून वाळवल्या.)

आणि आता रडगाणं. एवढं करून सुई उडतेच. आधीपेक्षा कमी, पण उडते. शिवाय नवीन भानगड म्हणजे आवाज मोठा केला की खालून गुरगुर येते, मांजर दबा धरून बसल्यासारखी, आणि वाढत जाते. अडीच महिने, एवढी मजुरी, पार्किंगवरून ऐकलेली बोलणी, आणि नवरा काल सौम्यपणे म्हणाला की ते जुनं युनिट अजून भंगारवाल्याला दिलेलं नाहीये. फोटो देतेय.

शंकासूर

फोटो दिसत नाहीयेत. पण नवऱ्यांना माझा पाठिंबा.

जर्सीकर

स्पीकर कुठे ठेवलेत??

कडीपाट

स्टँडवरच, टर्नटेबलच्या दोन बाजूंना. ४ फूट रुंदी त्यासाठीच तर ठेवली होती.

जर्सीकर

अहो ताई!!! हीच तुमची गुरगुर. स्पीकरचा हादरा पाटातून सुईत जातो, सुई तो रेकॉर्डचा आवाज समजून अ‍ॅम्पला देते, अ‍ॅम्प मोठा करून परत स्पीकरला. गोल गोल. लाकूड कितीही जड असो. खात्री करायची तर टर्नटेबल बंद ठेवा, न फिरणाऱ्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज अगदी हळूहळू वाढवा. गुरगुर सुरू झाली की लगेच कमी करा, नाहीतर स्पीकर जाईल. मग स्पीकर खाली जमिनीवर किंवा वेगळ्या स्टुलांवर ठेवून तेच परत करून बघा.

पाणसळ

गुरगुरीचं बरोबर आहे, पण चालताना सुई उडते ते वेगळं दुखणं. चालण्याची ठेच सेकंदाला दोनच्या आसपास असते. सुई आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) यांचा स्वतःचा डोल सेकंदाला ८ ते १२ वेळा असावा अशी रचना असते, म्हणजे नुसत्या चालण्याने एवढं व्हायला नको, आरसीसी स्लॅबवर तर नाहीच. मला संशय पायांचा आहे. पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता घ्या आणि चारी पायांखाली सरकवून बघा.

कडीपाट

पण डुगडुगत नाहीये, मी हलवून बघितलंय, ढिम्म हलत नाही.

पाणसळ

साठ किलोचा स्टँड, त्यात साठ किलोच्या एलपी, वर अ‍ॅम्प. हाताने कसा हलेल? हलकं टेबल डुगडुगतं तेव्हा निदान कळतं तरी. जड वस्तू तीन पायांवर उभी राहते आणि चौथा अधांतरी ठेवून गप्प बसते. पत्ता घ्या.

कडीपाट

पत्ता गेला. चौकट गुलाम, सरळ आत, खिडकीकडच्या मागच्या पायाखाली. आणि कोणता पाय असेल? तोच, चिकटवलेला चौथा.

रंधेवाला

माझ्या चौथ्या पायाला बोल लावायच्या आधी खालची टाइल वाजवून बघा. नाण्याने.

कडीपाट

दोन रुपयाच्या नाण्याने अर्धा हॉल वाजवला, चिरंजीवांनी व्हिडिओ काढलाय. सगळीकडे टक टक, आणि त्या एका टाइलवर डब्ब. खाली पोकळ आहे! म्हणजे पाय बरोबर, टाइलच बसलीय, आणि तिच्या शेजारून कुणी गेलं की ती दबते. इतके दिवस त्याच टाइलवरून फ्रीजकडे जायची वाट होती. रंधेवाला, पायाची माफी मागते.

काल संध्याकाळी एलपी सगळ्या बाहेर काढून स्टँड दीड फूट डावीकडे सरकवला. मिस्त्रींनी चारी पायांना खालून मशीनच्या पायाला असतात तसे फिरवायचे बोल्ट बसवून दिले, आधी तीन पाय पाणसळ (सपाटी बघायची, आपले सभासद नव्हे) लावून बरोबर केले आणि मग चौथा फिरवत फिरवत खाली आणला, गुलाम अडकेपर्यंत. स्पीकर दोन स्टुलांवर. (तीच माझी पहिली दोन स्टुलं. एकाला खाली पुठ्ठा लावलाय.) टर्नटेबलखाली मिरजकरांचा कडप्पा, १८ बाय १५ इंच, आठेक किलोचा.

रात्री तोडी लावली. रात्री तोडी लावतात का म्हणून आईने फोनवर ऐकवलं, पण मला ती बाजू हवी होती, त्यात सुरुवातीला जवळजवळ एक मिनिट नुसते तंबोरे आहेत आणि तेवढ्यातच गुरगुर आधी कळते. आवाज नेहमीपेक्षा मोठा. चिरंजीवांना म्हटलं जा, फ्रीजकडे जा. गेला. परत आला. मग स्वतःहून उड्या मारत गेला. सुई जागची हलली नाही, खालच्यांनी मात्र बेल वाजवली.

तंबोरा

तंबोरे नीट ऐकू आले म्हणता, मग आमच्या गल्लीला पोचलं.

आज्जी_ऑनलाईन

उरलेल्या लाकडाचं काय केलंस? एक पोळपाट होईल.

कडीपाट

आज्जी, पोळपाट सासूबाईंनी आधीच बुक केलाय. त्याला एका बाजूला खिळ्याचा निळा डाग आलाय, त्या म्हणतात तीट आहे, राहू दे.

कडीपाट

जुलैतलं अपडेट, कुणी असाच स्टँड करणार असेल तर. बाहेर महिनाभर पाऊस आहे. वरचा पाट मागच्या बाजूने बरोब्बर सूतभर बाहेर आलाय, बोट फिरवलं की कळतं, उन्हाळ्यात तिथे सपाट होतं. लांबट भोकं नसती तर काय झालं असतं ते रंधेवाल्यांनी लिहिलंच आहे. दोन बोल्ट पावपाव आटा परत फिरवावे लागले, गुलाम कायमचा अ‍ॅम्पच्या खणात ठेवलाय, त्यामुळे आता रमी खेळता येत नाही. अ‍ॅम्पच्या वर चार बोटं जागा ठेवली होती ती कमी पडतेय असं वाटतं, दोन तासांनी वरची फळी चांगली गरम लागते. त्याचं काही सुचत असेल तर सांगा.

फोटो या वेळी दुसरीकडे चढवून लिंक दिलीय.

शंकासूर

लिंक उघडत नाहीये. पण खरंच बघायचाय आता.